राडारोड्यातून उभं राहिलेलं शहर

17 जानेवारी 1945 रोजी सोव्हिएत आणि पोलिश सैन्य वॉर्साच्या मध्यभागात शिरलं, तेव्हा शहर मुक्त झाल्याचा आनंद कुणाला सांगावा, तर तिथे माणसंच नव्हती. युद्धापूर्वी सुमारे तेरा लाख वस्ती असलेल्या पोलंडच्या या राजधानीत व्हिश्चुला नदीच्या डाव्या तीरावर बर्फ होतं, भिंतींचे सुळके होते आणि सुरुंग होते. उजव्या तीरावरचा प्रागा हा भाग तेवढा बराचसा वाचला होता, कारण तो आधीच, सप्टेंबर 1944 मध्ये जर्मनांच्या हातून गेला होता. (हे प्रागा म्हणजे चेकांची राजधानी प्राग नव्हे, नकाशा दाखवताना मुलांचा हमखास गोंधळ होतो.)

शहर एका फटक्यात गेलं नव्हतं. सप्टेंबर 1939 च्या वेढ्यात राजवाडा जळाला आणि सुमारे दहावा हिस्सा पडला. 1940 साली जर्मनांनी ज्यूंना भिंत घालून एका भागात कोंडलं. 1942 च्या उन्हाळ्यात तिथल्या अडीच लाखांहून अधिक माणसांना गाडीत भरून त्रेब्लिंका इथल्या मृत्युछावणीत नेलं. एप्रिल 1943 मध्ये उरलेल्यांनी बंड केलं. ते मोडून काढताना जर्मनांनी घरामागून घर पेटवलं आणि मग तो सगळा भाग जमीनदोस्त केला. ऑगस्ट 1944 मध्ये उरलेल्या शहराने उठाव केला. तो 63 दिवस चालला. त्यात दीड-दोन लाख नागरिक मेले आणि वाचलेल्यांना शहराबाहेर हाकलण्यात आलं. यानंतर जे झालं त्याला युद्ध म्हणता येणार नाही. लढाई संपलेल्या रिकाम्या शहरात जर्मन तुकड्या रस्त्यामागून रस्ता फिरत राहिल्या. आधी आग लावायची, मग सुरुंगाने उडवायचं. ग्रंथालयं, दफ्तरखाने, देवळं, पुतळे, काही सोडलं नाही. शहराचा जुना मध्यभाग 85 टक्क्यांहून अधिक नष्ट झाला.

हे शहर परत बांधलं गेलं, आणि जुना भाग तर 'होता तसाच' बांधला, असं आपण वाचतो. विद्यार्थ्यांना सांगायलाही ही गोष्ट छान आहे. पण 'होता तसाच' हे शब्द जरा थांबून तपासायला हवेत. होता म्हणजे कधी होता? 1939 साली? 1780 साली? की कधीच नव्हता? आणि हे ठरवलं कोणी?

आधी प्रश्न होता तो बांधायचंच का हा. राजधानी वूच या कापडगिरण्यांच्या शहरात हलवावी, असा विचार खरोखर झाला होता. ते शहर जवळजवळ शाबूत होतं. पण नव्या कम्युनिस्ट सरकारला लोकांच्या मनात जागा मिळवायची होती, आणि वॉर्सा पुन्हा उभं करणारं सरकार अशी ओळख मिळणं ही त्यासाठी मोठीच गोष्ट होती. शिवाय लोकांनी कुणाच्या निर्णयाची वाट पाहिलीच नाही. गोठलेली नदी ओलांडून माणसं परत येऊ लागली, तळघरांत आणि छप्पर नसलेल्या खोल्यांत राहू लागली. 1945 संपेपर्यंत शहराची वस्ती साडेचार लाखांवर गेली होती. 14 फेब्रुवारी 1945 रोजी, म्हणजे अजून बर्लिन पडायचं होतं तेव्हा, राजधानी पुनर्बांधणी कार्यालय सुरू झालं. रोमान पिओत्रोव्स्की हे त्याचे प्रमुख. वास्तुशास्त्रज्ञ, अभियंते, नगररचनाकार असे शेकडो लोक तिथे कामाला लागले. 26 ऑक्टोबर 1945 च्या वटहुकमाने शहरातली सगळी जमीन नगरपालिकेच्या मालकीची झाली. कोणताही रस्ता रुंद करायचा, वस्ती हलवायची, बाग करायची तर मालकांशी वाटाघाटी नकोत. आपल्याकडे एक रस्ता दहा फूट रुंद करायला किती वर्षं लागतात हे ज्यांनी पाहिलं आहे, त्यांना या वटहुकमाची ताकद कळेल. त्याची दुसरी बाजूही कळेल: जुन्या मालकांच्या वारसांचे दावे 1989 नंतर सुरू झाले आणि त्यांनी शहराला पुढली अनेक वर्षं छळलं.

आता कामाकडे वळू. पहिला अडथळा होता राडारोड्याचा. अंदाज असा की शहरात सुमारे 2 कोटी घनमीटर राडारोडा पडला होता. हा आकडा नुसता फळ्यावर लिहून उपयोग नाही. मुलांकडून गणित करून घ्या: एक चौरस किलोमीटर जमिनीवर तो सारखा पसरला तर थर किती उंच होईल? वीस मीटर, म्हणजे सहा मजली इमारतीएवढा. एका ट्रकमध्ये पाच घनमीटर धरले तर चाळीस लाख खेपा. आणि 1945 साली वॉर्सात ट्रक किती असणार? घोडागाड्या, ढकलगाड्या, हाताने ओळीत उभं राहून पुढे सरकवलेल्या विटा, अशीच सुरुवात झाली.

मग त्यांनी राडारोड्याकडे माल म्हणून पाहिलं. यातलं विज्ञान साधं पण सुंदर आहे. जुन्या इमारतींच्या विटा चुन्यात बसवलेल्या होत्या. चुना विटेपेक्षा मऊ असतो. हातोडीने ठोकला की सुटतो आणि वीट शाबूत निघते. सिमेंटमध्ये बसवलेली वीट अशी निघत नाही, ती सिमेंटबरोबर फुटते. म्हणजे जुन्या घरांचं जुनेपणच इथे उपयोगी पडलं. शाबूत विटा बाजूला काढायच्या, लोखंडी तुळया सरळ करायच्या, आणि उरलेला चुरा दळून त्यात सिमेंट आणि पाणी घालून साच्यातून ठोकळे पाडायचे. नेहमीच्या काँक्रीटमध्ये दगडाची खडी असते, इथे विटेची. वीट सच्छिद्र असल्याने ती पाणी शोषते. म्हणून मिश्रणात पाण्याचा हिशेब वेगळा ठेवावा लागतो आणि ठोकळ्याची ताकदही कमी भरते. पण त्याच छिद्रांमुळे तो हलका होतो आणि उष्णता कमी वाहून नेतो, थंड देशातल्या घराला हे चांगलंच. विटेचा एक तुकडा आणि तेवढाच काळ्या दगडाचा तुकडा आधी कोरडे आणि मग दिवसभर पाण्यात ठेवून वजन करून पाहिलं, तर फरक सहावीतल्या मुलांनाही दिसतो.

बाकीच्या राडारोड्याच्या टेकड्या झाल्या. शहराच्या दक्षिणेला त्याचा एक ढिगारा रचला, तो पुढे उठावाचं स्मारक झाला. प्रागाच्या बाजूला राडारोड्याच्या बांधावर प्रेक्षकांच्या ओळी बसवून 1955 साली मोठं क्रीडांगण उभं केलं. त्या जागी 2011 साली नवं राष्ट्रीय क्रीडांगण पूर्ण झालं.

एवढ्याने भागलं नाही. पश्चिमेकडचा जो मुलूख युद्धानंतर जर्मनीकडून पोलंडकडे आला, तिथल्या व्रोत्सवाफसारख्या शहरांतून कोट्यवधी विटा रेल्वेने वॉर्साला आल्या. साऱ्या देशाने राजधानी बांधायची, ही त्या वेळची घोषणा होती, वर्गण्याही गोळा होत होत्या. पण व्रोत्सवाफमध्ये दुरुस्त होऊ शकली असती अशी घरंसुद्धा विटांसाठी उतरवली गेली. पाठ्यपुस्तकातल्या छायाचित्रात विटा हातोहात देणारी हसरी माणसं दिसतात; ती वीट कुठल्या घरातून आली हे छायाचित्र सांगत नाही.

विटा मिळाल्या, पण त्या रचायच्या कशा? जुन्या गावातली घरं चारशे-पाचशे वर्षांत वाढलेली, एकमेकांना चिकटलेली, दोन खिडक्या सारख्या नाहीत. यांचा नकाशा कुठून आणणार? इथे विद्यार्थी आपल्या कथेत येतात.

वॉर्साच्या तंत्रनिकेतनात ओस्कार सोस्नोव्स्की यांनी 1922 साली पोलिश वास्तुकलेचा एक विभाग सुरू केला होता. विद्यार्थ्यांना उन्हाळ्यात टेप, ओळंबा आणि कागद देऊन जुन्या इमारती मोजायला पाठवायचं, हे त्या विभागाचं मुख्य काम. चौकटीची जाडी, पायरीची उंची, कमानीची त्रिज्या, सगळं मोजायचं आणि प्रमाणात काढायचं. शेवटी तो विद्यार्थ्यांचा गृहपाठच होता. त्या कागदांवरून कधी शहर बांधावं लागेल असं मोजणाऱ्यांपैकी कुणाच्या मनात आलं असेल? 1939 च्या वेढ्यात सोस्नोव्स्की जखमी झाले आणि त्यातच वारले. त्यांचे सहकारी यान झाख्वातोविच आणि इतरांनी जर्मन अमलात चोरून काम चालू ठेवलं. 1944 चा उठाव फसल्यावर ग्रंथ आणि कलावस्तू शहराबाहेर हलवायची थोडी सवलत मिळाली, तिच्या आडून हे आराखडे बाहेर काढले गेले आणि पिओत्रकूव गावच्या एका मठात लपवले गेले. युद्ध संपल्यावर ते तिथून परत आले. शिक्षकांनी ही गोष्ट मुलांना सांगावी आणि मग एखादा दिवस टेप घेऊन आपल्या गावातला जुना वाडा किंवा नुसती शाळेची ओसरी मोजायला न्यावं. मोजल्यावरच कळतं की आपण ती रोज पाहत होतो आणि पाहिली नव्हती.

आराखड्यांच्या जोडीला छायाचित्रं होती आणि चित्रंही. बेर्नार्दो बेलोत्तो हा व्हेनिसचा चित्रकार 1767 साली वॉर्साला आला आणि राजाच्या पदरी राहिला. 1780 साली तो तिथेच वारला. त्याने शहराची वीसहून अधिक मोठी दृश्यं रंगवली. तो जे यंत्र वापरी, ते म्हणजे आपण वर्गात करवून घेतो त्या सूचिछिद्र कॅमेऱ्याचा भिंग बसवलेला थोरला भाऊ. समोरच्या रस्त्याची प्रतिमा कागदावर पडे आणि तो तिच्या रेषा गिरवून घेई. त्यामुळे अंतरं आणि प्रमाणं बरीच नेमकी आली. युद्धात जर्मनांनी पळवलेली ही चित्रं युद्धानंतर परत मिळाली आणि वास्तुशास्त्रज्ञांनी ती पुरावा म्हणून वापरली.

'चित्रं पाहून जुनं गाव बांधलं' असं सरसकट सांगतात ते मात्र बरोबर नाही. बेलोत्तोची दृश्यं मुख्यतः राजवाड्यापासून दक्षिणेकडे जाणाऱ्या राजरस्त्याची आणि आसपासच्या महालांची आहेत. जुन्या गावाच्या बाजारचौकासाठी आधार होता तो मोजमापांचा आणि छायाचित्रांचा. शिवाय बेलोत्तो राजाचा चित्रकार होता. काही इमारती त्याने प्रत्यक्षापेक्षा सुबक रंगवल्या. तेव्हा त्याच्या चित्रावरून घराचं तोंड बांधलं, की जे अठराव्या शतकातही नव्हतं ते विसाव्यात उभं राहण्याची शक्यता होती, आणि काही ठिकाणी तसं झालंही.

बाजारचौक 22 जुलै 1953 रोजी लोकांसाठी खुला झाला. आज तिथे उभं राहिलं तर तीनशे वर्षांपूर्वीच्या व्यापाऱ्यांच्या गावात आल्यासारखं वाटतं. पण दर्शनी भिंतींच्या मागे काय आहे? युद्धापूर्वी या घरांत दाटीवाटीने गरीब कुटुंबं राहत. मागच्या अंगणांत खोल्यांमागून खोल्या चढवलेल्या होत्या, उजेड नाही, हवा नाही. हे मागचं बांधकाम परत उभारलंच नाही. तिथे मोकळी हिरवी जागा ठेवली. आतली घरं विसाव्या शतकातली केली, नळ, न्हाणीघर आणि उष्णतेची सोय असलेली. समोरून सतरावं-अठरावं शतक आणि आतून कामगारांची गृहवसाहत. मला हे फसवणुकीचं वाटत नाही. त्या अंधाऱ्या खोल्या 'होत्या तशाच' परत बांधा असा आग्रह, तिथे राहायला जायचं नसलेला माणूसच धरू शकतो.

पण सेंट जॉन या मुख्य चर्चचं उदाहरण घ्या. 1944 साली ते पडलं तेव्हा त्याचं तोंड एकोणिसाव्या शतकातलं, इंग्लंडच्या धर्तीवरचं, कलाकुसरीचं होतं. त्याची छायाचित्रं भरपूर होती. ते परत बांधणं शक्य होतं. झाख्वातोविच यांनी ते बांधलं नाही. मध्ययुगात त्या प्रदेशातल्या चर्चचं विटांचं तोंड कसं असे, याच्या अभ्यासावरून त्यांनी नवं, साधं तोंड आखलं. ते सुंदर आहे. पण आत्ता आहे तसं ते कधी होतं याला पुरावा नाही. ज्याचा पुरावा होता ते गेलं, ज्याचा नव्हता ते आलं! याच झाख्वातोविच यांनी पुढे 1964 साली व्हेनिसच्या सनदेवर सही केली. जुन्या वास्तूंच्या जतनाचे नियम सांगणारी ही सनद म्हणते की, जिथे तर्क सुरू होतो तिथे काम थांबलं पाहिजे. यात ढोंग आहे असं मला म्हणवत नाही. ते स्वतः याच विचारात वाढले होते. 1946 साली त्यांनी उघडपणे मांडलं होतं की, एखाद्या राष्ट्राची स्मृती पुसून टाकायची म्हणून त्याच्या वास्तू पाडल्या जातात, तेव्हा नेहमीचे नियम पुरत नाहीत.

एकोणिसाव्या शतकाबद्दलची ही नावड फक्त एका चर्चपुरती नव्हती. त्या शतकात वॉर्सा रशियाच्या झारच्या अमलाखाली होतं, आणि त्याच काळात घरमालकांनी भाड्यासाठी उंच चाळी बांधल्या, विहिरीसारखी अंगणं असलेल्या. नगररचनाकारांना त्यांतला अंधार आणि दाटी खरोखर नकोशी होती. ही मतं त्यांनी युद्धापूर्वीच बनवली होती. राज्यकर्त्यांना त्यांत भांडवलशाही दिसत होती. दोन वेगळी कारणं एकाच हातोड्यात आली. उभ्या राहिलेल्या, दुरुस्त होण्याजोग्या कितीतरी चाळी पाडल्या गेल्या, काहींच्या भिंतींवरची नक्षी तासून टाकली. राजवाड्याशेजारून बोगद्यातून जाणारा पूर्व-पश्चिम हमरस्ता 1949 मध्ये आणि कामगारांच्या भव्य पुतळ्यांनी सजलेली मार्शाल्कोव्स्का रस्त्यावरची वसाहत 1952 मध्ये तयार झाली. पुढे सोव्हिएत संघाची भेट म्हणून संस्कृती आणि विज्ञान प्रासाद आला. लेव्ह रुदनेव्ह यांनी आखलेली ही 237 मीटर उंचीची इमारत 1955 मध्ये पूर्ण झाली. तिच्यासाठी मोकळा केलेला विस्तीर्ण चौक एकेकाळी गजबजलेल्या गल्ल्यांचा भाग होता. राजवाड्याला मात्र बरीच वाट पाहावी लागली: 1971 साली बांधायचं ठरलं, पैसा लोकवर्गणीतून उभा राहिला आणि 1984 साली तो खुला झाला. मधल्या काळात, 1980 मध्ये, युनेस्कोने जुन्या गावाला जागतिक वारसा म्हटलं. वय तीस वर्षांच्या आतबाहेरचं, आणि वारसा! सदस्यांत खल झालाच. शेवटी पुनर्बांधणीचं असाधारण उदाहरण म्हणून ते स्वीकारलं गेलं.

जाता जाता एक भारताशी जोडलेला धागा. 1945 मध्ये वॉर्साच्या मध्यभागाच्या आराखड्यावर काम करणारे तरुण वास्तुशास्त्रज्ञ माचेय नोवित्स्की पुढे अमेरिकेत गेले आणि आल्बर्ट मेयर यांच्याबरोबर चंदीगडच्या पहिल्या आराखड्यात सहभागी झाले. 1950 साली भारतातून परतताना इजिप्तमध्ये विमान कोसळून ते वारले, आणि ते काम ल कॉर्बुझिए यांच्याकडे गेलं.

जुन्या गावापासून चालत पंधरा-वीस मिनिटांवर मुरानूव आहे. युद्धापूर्वी ही प्रामुख्याने ज्यूंची वस्ती होती आणि पुढे भिंत घालून कोंडलेल्या भागात ती गेली. वॉर्साच्या तेरा लाखांतले जवळजवळ तीस टक्के ज्यू होते. इथे परत येणारं जवळपास कोणी उरलं नव्हतं. इथे मोजून काढलेले आराखडे घेऊन कोणी आलं नाही. जुने रस्तेसुद्धा सगळे परत काढले नाहीत. राडारोडा इतका होता, आणि त्यात माणसंही गाडलेली होती, की सगळा हलवणं शक्य नव्हतं. बोहदान लाखेर्त या वास्तुशास्त्रज्ञांनी 1948 च्या सुमारास आराखडा केला तो असा: राडारोडा सपाट करून त्याचे चौथरे करायचे, त्याच राडारोड्याच्या ठोकळ्यांची घरं त्यांवर उभी करायची, आणि त्यांना गिलावा करायचा नाही. विटेचा तो तांबूस-करडा रंग उघडा राहील आणि जागेचं स्मरण देत राहील. शेजारीच एप्रिल 1948 मध्ये नाथान रापोपोर्ट यांनी घडवलेलं बंडवाल्यांचं स्मारक उभं राहिलं होतं.

घरं झाली. पण ती उदास दिसतात अशी टीका झाली. समाजवादी नागरिकाचं घर उजळ हवं. दोन-तीन वर्षांतच भिंतींना फिका गिलावा चढला आणि वर थोडी नक्षीही आली. चौथरे मात्र झाकता आले नाहीत. मुरानूवमध्ये आजही अनेक इमारती रस्त्यापेक्षा उंचावर उभ्या दिसतात आणि दारापाशी जायला पायऱ्या चढाव्या लागतात.

या राडारोड्याखाली कागदही होते. कोंडलेल्या वस्तीत इतिहासकार इमान्युएल रिंगेलब्लुम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चोरून एक दफ्तर जमवलं होतं: रोजनिशा, पत्रं, शिधापत्रिका, शाळांतल्या मुलांचे निबंध. मरण जवळ दिसू लागल्यावर त्यांनी ते तीन भागांत पुरलं. रिंगेलब्लुम 1944 मध्ये मारले गेले. सप्टेंबर 1946 मध्ये नोवोलिपकी रस्त्यावरच्या एका पडलेल्या शाळेखालून पहिला भाग निघाला, दहा पत्र्याच्या पेट्यांत, कागद पाण्याने भिजलेले. डिसेंबर 1950 मध्ये तिथेच नव्या इमारतींचा पाया खणताना मजुरांच्या फावड्याला दुधाच्या दोन बरण्या लागल्या. तो दुसरा भाग, पुष्कळ चांगल्या स्थितीत. तिसरा भाग, काही जळकी पानं सोडली तर, आजवर सापडलेला नाही.